मी म्हटलं म्हणून तू थांबलास

दिग्या, रविवारी तुझी शोकसभा झाली. भांडुपला, तुमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत, जिथे तू गणपतीत झांज घेऊन बसायचास आणि ताल सोडून वाजवायचास. तुझा फोटो कोणाच्या तरी लग्नातला होता, कोट घातलेला. तू ओळखूच येत नव्हतास. चार जण बोलले. तू मनमिळाऊ होतास म्हणाले, निर्व्यसनी होतास म्हणाले. गालातली तंबाखू बरी कोणाला आठवली नाही.

मग एकाने माझं नाव घेतलं. "आता दिगंबरचे गाडीवरचे जोडीदार मिलिंद दोन शब्द बोलतील." मी उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत सुनंदा वहिनी आणि त्यांच्या बाजूला तुझी स्वाती. मी ग्लासभर पाणी प्यायलो, "मला नाही जमणार" म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, माझा गळा दाटून आला. शेजारच्याने पाठीवर हात ठेवला. मी रडत नव्हतो रे. मी घाबरलो होतो. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या काय विचारणार ते मला माहीत होतं.

तोच प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारलाय. पहिल्यांदा हॉस्पिटलच्या बाकावर, मग तुला पोचवून आल्यावर, आणि मग रविवारी सकाळी खुर्च्या मांडताना. "भावोजी, हे थांबले कित्याक ओ?" टायर फुटला तर तू थांबत नाहीस, हे अख्ख्या लाइनीला माहीत होतं. तुझ्या घरात तर माहीत होतंच. मग त्या दिवशी भर हायवेला, पुलाच्या उतारावर, गाडी उभी करून तू खाली उतरलास कशाला? तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली.

तुला उत्तर माहीत आहे. मी फोन करून तुला थांब म्हटलं, म्हणून तू थांबलास. आणि एवढंच नाही. त्यापुढे अजून एक गोष्ट आहे, ती मी संगीतालाही सांगितलेली नाही. बायकोला सांगायला जीभ उचलत नाही, तर तुझ्या बायकोला कशी सांगणार? पण सांगायची आहे. म्हणून आधी तुला लिहितोय, सवय व्हावी म्हणून. तू मध्ये बोलू नकोस. नेहमी मध्ये बोलतोस.

आपण दोघं वीस वर्षं जोडीने चाललो. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही, त्यांना वाटतं ट्रेलरवाले एकमेकांच्या मागे टाइमपास म्हणून लागतात. पुढे ओढणारा घोडा, मागे चाळीस फुटी ट्रेलर, त्यावर कंटेनर. मागचा एखादा टायर फुटला तर पुढे केबिनमध्ये बसलेल्याला पुष्कळदा पत्ताच लागत नाही. आवाज इंजिनात विरतो आणि गाडी ओढत राहते. म्हणून जोडी लावायची. मागच्याने पुढच्याच्या टायरवर नजर ठेवायची, काही दिसलं की फोन करायचा. आणि पुढचा थांबला तर मागच्याने आपली गाडी त्याच्या मागे आडवी धरायची, दिवे लावून, म्हणजे पुढचा खाली उतरला तरी त्याच्या पाठीला लोखंड असतं. हा आपला कायदा. कोणी लिहून दिला नव्हता, पण तो मोडला तर माणूस जोडीतून गेला, असं तूच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंस.

आणि त्याच पहिल्या आठवड्यात आपलं भांडण सुरू झालं. माझ्या ट्रेलरचा टायर गेला, मी ब्रेक लावायला लागलो, आणि मागून तुझा फोन. "मेल्या, थांबतंस कित्याक? आठातलो एक गेलो, सात असत ना अजून! चल हळूहळू." मी थांबलोच. तू खाली उतरून मला शिव्या घातल्यास, त्या मालवणीत असल्यामुळे मला अर्ध्याच कळल्या.

तेव्हापासून तू तुझा आणि मी माझा. माझं म्हणणं साधं होतं. एक टायर गेला की त्याच्या जोडीच्या टायरवर दुप्पट वजन येतं. तो तापतो, मग तोही जातो. फाटलेलं रबर फडफडत फिरतं आणि हवेचा पाइप तोडतं, म्हणजे ब्रेक गेले. कधी धूर येतो, कधी आग लागते. शेठ ट्रेलरला रिमोल्ड टायर लावतो, झिजलेल्यावर नवा पट्टा चिकटवलेले, तो पट्टा तर कधी सुटेल सांगता येत नाही. तर थांब ना बाबा! तुझं म्हणणंही साधं होतं. टायर फुटला तर टायर जातो, हायवेला उतरलं तर माणूस जातो. "माका काय रस्त्यार थांबान मराचा हा?" असं म्हणून तू खिडकीतून थुंकायचास आणि वीसच्या स्पीडने टायरवाल्यापर्यंत जायचास. रिमची वाट लागायची. शेठ बोंबलायचा, तू ऐकून घ्यायचास.

किती ठिकाणी भांडलो रे आपण. टोलच्या रांगेत भांडलो, डब्यात सुका जवळा वाटून खाताना भांडलो. संगीताने एकदा चौदा एप्रिलला तुला जेवायला बोलावलं, तर तू पुरणपोळी हातात धरून तिला पटवून देत होतास की तुझा नवरा एक दिवस थांबून थांबून मरेल. ती म्हणाली, भावोजी, शुभ बोला की जरा. आपण हसलो. पोरं आपल्याला बघून कंटाळायची. मला वाटायचं, तू हट्टी आहेस. कोकणी माणूस, एकदा बोलला की बोलला. तुला वाटायचं, मी पुस्तकं वाचून शहाणपणा करतो. खरं सांगू का, मला तुझ्या म्हणण्यात दम आहे हे कळत होतं. पण तुझ्यापुढे ते कबूल करायचं म्हणजे वर्षभर तू मला त्याच्यावरून पिडलं असतंस.

मला ट्रेलर रिव्हर्स मारायला तू शिकवलंस, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील मेल्यान उपकार विसरले. मरोळच्या इंडस्ट्रीतली ती बोळ. दोन्ही बाजूंना टेम्पो लावलेले, मधून चाळीस फूट मागे न्यायचे. मी आरशात नुसत्या भिंती बघत होतो. तू मागे उभा राहिलास, शर्ट काढून हातात झेंड्यासारखा धरलास आणि ओरडत राहिलास, "माझ्याकडे बघ, भिंतीकडे नको बघू!" गाडी जागेवर लागली. तू शर्ट झटकून घातलास. त्यानंतर मी कधी बोळीला घाबरलो नाही. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

आणि मनोरी. दोन्ही घरं मिळून गेलो होतो, मार्वेच्या जेट्टीवरून बोटीने. पाच मिनिटांची खाडी ती. तू मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होतास आणि मोठमोठ्याने हसत होतास, जोक मारत होतास. मी म्हटलं, आयला, मालवणचा माणूस आणि पाण्याला घाबरतो! सगळी बोट हसली. वहिनी मात्र हसल्या नव्हत्या. त्या तुझ्या शर्टाचं टोक धरून उभ्या होत्या. ते मला आत्ता आठवतंय.

आता बोरिवली. ते मला टाळायचं होतं, पण ते टाळलं तर पुढचं कळणार नाही.

तू जायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. वेस्टर्न हायवेला बोरिवलीच्या पुढे तू पुढे, मी मागे. तुझा डावा टायर गेला. मी फोन केला, थांब म्हटलं. तू नेहमीचं बोललास, सात असत. दहिसरपर्यंत जायचं म्हणालास. मी मागून बघत होतो, पट्टा सुटायला लागला होता, फटाफट आपटत होता. आणि मग तो निघाला. हातभर रुंद, पुरुषभर लांब रबर, वर उडालं आणि बाजूच्या स्कूटरच्या पुढ्यात पडलं. स्कूटरवर बाप होता आणि मागे युनिफॉर्ममधली मुलगी. बापाने ब्रेक मारला, स्कूटर आडवी झाली. मी माझी गाडी कशी थांबवली मला माहीत नाही. माझ्या बंपरपासून ती मुलगी दोन हातांवर होती. ती आपली आपण उठली. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. बाप शिव्या देत होता आणि तू पुढून धावत आलास आणि हात जोडून उभा राहिलास.

दहिसरला चहाच्या टपरीवर मी तुला सोडलं नाही. घाबरलेला माणूस वाईट बोलतो, मी फार वाईट बोललो. म्हटलं, "त्या जागी तुझी स्वाती असती तर?" तू ग्लास खाली ठेवलास. चहा तसाच होता. मी अजून बोललो, खुनी म्हटलं तुला. टपरीवाला बघायला लागला. तू काहीच उलट बोलला नाहीस, आणि मला वाटलं, मी जिंकलो. वीस वर्षांनी जिंकलो. दिग्या, मला आनंद झाला होता रे. थोडासा, पण झाला होता.

मग तो दिवस. न्हावा-शेवाहून मरोळचा माल. दुपारची वेळ, संध्याकाळची अवजड गाड्यांची बंदी लागायच्या आत पोचायचं होतं. सकाळी तू आणि मी लोखंडी टामी घेऊन सगळे टायर ठोकून बघितले होते, आवाज ठणठणीत होता. ऐरोलीचा पूल ओलांडला, मुलुंडहून हायवेला लागलो. तू पुढे, मी मागे. भांडुप मागे टाकलं. पुढे पूल चढलो, आणि उताराला लागताना तुझ्या मागच्या एक्सलचा उजवा बाहेरचा फुटला. धुरळा उडाला, मला आवाजसुद्धा ऐकू आला.

मी फोन लावला. "दिग्या, उजवा बाहेरचा गेला. थांब."

समोर उताराचं वळण होतं. कडेला गाडी घ्यायला जागा नव्हती, कठडा आणि पांढरी पट्टी, बस. विक्रोळीचा टायरवाला दीड किलोमीटरवर होता. तुला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

तू विचारलंस, "हयसरच?"

वीस वर्षं आपण थांब आणि चल एवढंच भांडलो. कुठे थांबायचं, हे दोघांपैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तू विचारलंस. बरोबर प्रश्न होता तो. मी म्हणायला हवं होतं, नको, इथे नको, हळू चल, उतार संपला की मोकळी जागा आहे. लहान मुलालाही सुचलं असतं. पण माझ्या डोक्यात बोरिवली होती आणि माझं जिंकणं होतं. मी तुझ्याच भाषेत तुला चिडवून म्हटलं, "हयसरच! थांब म्हणतो ना."

"बरा," म्हणालास. तुझे दोन्ही इंडिकेटर लागले आणि तू कडेला घेतलंस.

आता ती गोष्ट. तू थांबलास तेव्हा मी पन्नास-साठ फुटांवर होतो. कायद्याप्रमाणे मी तुझ्या मागे लावायला हवी होती. मी ब्रेकवर पाय ठेवला, आरशात बघितलं. मागे बस होती, जोरात येत होती, हॉर्न मारत होती. वळणामुळे तिच्या मागचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, इथे थांबलो तर ठोकणार आपल्याला. केबिनमधून उतरायच्या आत ठोकणार. मी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी बाहेर काढली आणि तुझ्या बाजूने पुढे गेलो. जाताना तू खिडकीतून माझ्याकडे बघितलंस. मी हाताने खूण केली, पुढे लावतो. तू हात वर केलास. ठीक आहे म्हणून केलास की थांब म्हणून केलास, ते मी रोज आठवून बघतो. मला कळत नाही.

उतार संपला तिथे भिंतीच्या कडेला भरपूर जागा होती. मी तिथे लावली. अगदी आरामात लावली, दोन गाड्या मावल्या असत्या. जॅक काढायला मागे गेलो आणि आवाज आला.

मी धावत वर आलो. टेम्पोवाला रस्त्यावर बसला होता, डोकं धरून. वळणावरून आला आणि समोर तू. तुझ्या हातात तो लाल त्रिकोण होता, मागे नेऊन ठेवायला निघाला होतास. माझी गाडी तुझ्या मागे असती तर तुला तो न्यायची गरजच नव्हती. तू शुद्धीवर नव्हतास. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि काय बोललो ते मला आठवत नाही. लोकांनी नंतर सांगितलं, मी तुला उठ उठ म्हणून ओरडत होतो.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, मी पुढे होतो, मला काही दिसलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. त्यात एकही शब्द खोटा नाही. पण ती सही केल्यापासून माझा हात मला माझा वाटत नाही.

तुला थांब म्हणालो आणि मी स्वतः थांबलो नाही. तुझं म्हणणं होतं, मोकळी जागा मिळेपर्यंत चालत राहा. मी तेच केलं. माझा टायर चांगला होता, तरी केलं. आणि तुला मात्र त्या वळणावर उभं करून गेलो. वीस वर्षं मी तुला जे शिकवत होतो, ते मला स्वतःला एकदाही पटलेलं नव्हतं की काय, असं वाटतं आणि मग मला माझीच भीती वाटते. टायरची नाही, रस्त्याची नाही. माझा पाय मला न विचारता ब्रेकवरून उठला, त्या पायाची.

अजून गाडीवर गेलो नाहीये. मंगळवारी गेलो होतो, घोड्यात चढलो, चावी लावली. उजव्या आरशात माझा ट्रेलर दिसला, सगळे टायर शाबूत, आणि मला घाम फुटला. उतरताना खाली बघून पाय टाकवेना. जमीन होती रे, यार्डातली जमीन, एकही गाडी हलत नव्हती. दहा मिनिटं पायरीवर बसून राहिलो. शेठ फोन करतोय. संगीता म्हणते दुसरं काम बघू. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. पोरगा हसला आणि मग माझं तोंड बघून गप्प झाला.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारी मी भांडुपला गेलो. आता त्याचं सांगतो.

बाहेरच्या खोलीत वहिनी एकट्याच होत्या. स्वाती आत कपडे धूत होती. तुझी चप्पल अजून दाराशी आहे. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या, मी नको म्हटलं. मला वाटलं, चहा आला तर मी चहा पिऊन निघून जाईन. बसलो.

"वहिनी, तुम्ही विचारत होतात ना, दिगू थांबला का. मी सांगितलं म्हणून थांबला. मी फोन केला होता."

मी बोरिवलीचं सांगितलं. टपरीवर मी काय बोललो तेही सांगितलं, स्वातीचं नाव घेतलं तेसुद्धा. फोनवर तू काय विचारलंस आणि मी काय म्हटलं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "त्यांका भय वाटायचा, भावोजी. तुमका माहीत नाय?"

मी म्हटलं, "कसलं भय?"

"उतरूचा. रस्त्यार उतरूचा म्हटला काय त्यांच्या पोटात गोळो येय. म्हणान ते थांबत नसत. सात असत, आठ असत, ह्या सगळा लोकांका सांगूक. घराक इले की पयला माका सांगीत, आज उतराक लागला नाय. मगे पाय धुयत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमका कधी बोललेच नाय? वीस वर्षा?"

दिग्या, तू बोलला नाहीस. मी हट्टी म्हटलं तुला, अडाणी म्हटलं, खुनी म्हटलं, तरी तू बोलला नाहीस. मी पण रोज घाबरायचो आणि तुला बोललो नाही. दोन घाबरट माणसं एकमेकांच्या मागे-पुढे वीस वर्षं चालली आणि टायरवरून भांडत राहिली. तू मला एकदा सांगितलं असतंस तर मी तुला हसलो असतो, हे खरं आहे. मनोरीला हसलोच होतो. पण मग फोनवर "हयसरच" म्हणालो नसतो. आणि तू एवढा घाबरत असूनही उतरलास. मी म्हटलं म्हणून.

मला वाटलं झालं आता. सांगून झालं. मी उठायला लागलो, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वहिनींनी विचारलं.

"आणि तुमी खय होतास?"

मी उभाच राहिलो. तुम्ही पुढे होतात ना, असं त्यांनी म्हटलं नाही. पोलिसांच्या कागदात मी पुढे होतो हे त्यांना माहीत होतं. पण त्या तुझी बायको आहेत. वीस वर्षं जोडीच्या गप्पा ऐकल्यात त्यांनी. मागच्याने कुठे उभं राहायचं असतं ते त्यांना शेठपेक्षा जास्त माहीत होतं.

मी खाली बसलो आणि सांगितलं. बस सांगितली, आरसा सांगितला, ब्रेकवरून उठलेला पाय सांगितला. माझा आवाज एवढा लहान झाला होता की त्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. खालची मोकळी जागा सांगितली. तुझा वर केलेला हात सांगितला. सांगून झाल्यावर मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

बाहेर कोणीतरी नळाखाली कळशी लावली होती, ती भरून वाहत होती, आणि कोणी बंद करत नव्हतं. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि आतल्या दाराकडे वळल्या.

"स्वाती, हयसर ये गो."

मी म्हटलं, "वहिनी, तिला नको. पाया पडतो तुमच्या, तिला नको."

"ती रोज रात्री माका इचारता, बाबा थांबले कित्याक. मी काय सांगू तिका?" त्या म्हणाल्या. "तुमीच सांगा. पयल्यापास्न सांगा."

स्वाती दारात आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस, ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली. तुझं नाक आहे रे तिला. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि हात पुसायचेही विसरली.

"काय झालं, काका?"

मला पहिल्यापासून सांगता आलं नाही. टायर, बोरिवली, फोन, सगळं मागे राहिलं. तिच्याकडे बघून मला एकच वाक्य सुचलं, ते मी बोललो.

"बाळा, तुझ्या बाबांना मी जिथे थांबायला सांगितलं ना, तिथे थांबायची माझी स्वतःची हिंमत नव्हती."